काचेवर नाव कोणाचे?



वेदीमागच्या खिडक्यांना रंगीत काचा बसवायचे ठरल्यापासून एकच प्रश्न आम्हांला विचारला जातो : "फादर, काचेवर आमच्या आईवडिलांचे नाव येईल ना?" प्रश्न प्रेमातून आलेला आहे, त्याला घाईने उत्तर देणे बरे नव्हे.

आधी ही काच कशी घडते ते पाहू. काच वितळलेली असतानाच तिच्यात कोबाल्ट मिसळले की ती निळी होते, तांबे मिसळले की लाल. मग खिडकीएवढा आराखडा काढून त्याबरहुकूम तुकडे कापतात. चेहरे, बोटे, वस्त्राच्या चुण्या काळसर रंगाने रेखून तुकडे भट्टीत भाजतात, म्हणजे रेषा काचेशी एकजीव होते. शेवटी शिशाच्या खाचदार पट्ट्यांत ते बसवून सांध्यांना डाख देतात. थिओफिलस नावाच्या मठवासीयाने 12व्या शतकात ही कृती लिहून ठेवली. मुंबईच्या स्वाती चंदगडकर यांनी राजाबाई टॉवरच्या इमारतीतील जुन्या काचा दुरुस्त केल्या, तेव्हा ही कला आपल्याकडेही जिवंत आहे. (रंगीत स्टिकर लावा, स्वस्त पडेल, असेही काहींनी सुचवले. नाशिकच्या उन्हात त्यांचे काय होते, ते दुकानांच्या पाट्यांवर पाहावे.)

फ्रान्समधील शार्त्र येथील कॅथेड्रल 1194 च्या आगीनंतर पुन्हा उभे राहिले. तेथील 13व्या शतकातील खिडक्यांत वर संत आहेत, आणि कित्येकींच्या तळाशी पाव विकणारे, जोडे शिवणारे, पाणी वाहणारे आपापल्या कामात गढलेले आहेत. पैसे त्यांनी दिले की इतरांनी, यावर अभ्यासकांत वाद आहे. ते पाववाले कोण, हे आज कोणी सांगू शकत नाही. त्यांचे काम मात्र संतांच्या पायाशी पोहोचले.

जवळचे उदाहरण कुलाब्याच्या अफगाण चर्चचे. 1858 साली अभिषेक झालेले हे प्रॉटेस्टंट बांधवांचे मंदिर युद्धात पडलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ बांधले. मृतांची नावे आहेत ती भिंतीवरील संगमरवरी फलकांवर.

खिडकीचा खर्च चारदोन कुटुंबांनाच झेपेल. ज्यांनी धुण्याभांड्यांच्या पैशांतून पन्नास रुपये आणून दिले, त्यांच्या आईवडिलांचे काय? मंदिरात दोन नाणी टाकणाऱ्या विधवेचे नाव शुभवर्तमानकारांनीही दिलेले नाही. प्रभूने मात्र शिष्यांना बोलावून तीच दाखवली.

म्हणून आमचे मत असे : काचेवर कोणाचेच नाव नको. तळाच्या चौकटींत द्राक्षबागेतील मजूर, प्रेसमधला कामगार, दवाखान्यातली नर्स असावी. मृतांची नावे, रक्कम न पाहता, 2 नोव्हेंबरच्या मिस्सेत वाचू.

काचेचे काही नमुने आमच्या निवासात ठेवले आहेत. मिस्सेनंतर येऊन ते उजेडात धरून पाहावेत. वेगळे मत असल्यास तेही सांगावे.