अनंताची वजाबाकी

एखादा सिद्धांत अचूक उत्तरे देतो, एवढ्यावरून तो सत्य ठरतो काय? तत्त्वज्ञानाला हा प्रश्न नवा नाही; परंतु विसाव्या शतकात पुंज-क्षेत्रसिद्धांताने त्याला विलक्षण धार आणली. 1927 मध्ये पॉल डिरॅक यांनी प्रकाश आणि द्रव्य यांच्या परस्परक्रियेची पुंजयामिकीय मांडणी केली. थोड्याच वर्षांत तिच्यातील व्यंग उघड झाले. इलेक्ट्रॉनचा स्वतःच्याच क्षेत्राशी येणारा संबंध हिशेबात धरला, की त्याच्या ऊर्जेचे उत्तर अनंत येई.

1947 मध्ये हायड्रोजनच्या दोन ऊर्जापातळ्यांमधील सूक्ष्म अंतर विलिस लॅम्ब आणि त्यांच्या सहकाऱ्याने मोजले. डिरॅक यांच्या समीकरणानुसार या पातळ्या समान असावयास हव्या होत्या. या अंतराचा उलगडा करताना जी रीत रूढ झाली, तीच 'रिनॉर्मलायझेशन'. समीकरणातील मूळ वस्तुमान आणि प्रभार कधीच मोजले जात नाहीत. म्हणून अनंत पदे त्यांच्यात सामावून घ्यावयाची आणि त्यांच्या जागी प्रयोगातील मूल्ये ठेवावयाची. टोमोनागा, श्विंगर आणि फाइनमन यांना याच कार्याबद्दल 1965 चे नोबेल पारितोषिक मिळाले. या रीतीचे यश निर्विवाद आहे. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मापनानुसार इलेक्ट्रॉनचे चुंबकीय आघूर्ण सिद्धांताशी एक लाख कोटीत सुमारे एका भागापर्यंत जुळते.

तरीही 1984 मध्ये मृत्यू येईपर्यंत डिरॅक यांचे समाधान झाले नाही. क्षुद्र राशी उपेक्षिता येते. नकोशी झाली म्हणून अनंत राशी उपेक्षिता येत नाही, असा त्यांचा आग्रह होता. हा आग्रह वरकरणी गणिती असला, तरी त्याचा गाभा नैतिक होता: यश हे समर्थनाचे काम करू लागले, की विचार स्वतःची झडती घेणे थांबवतो.

1970 च्या दशकात केनेथ विल्सन यांनी या वादाची भूमीच बदलली. त्यांच्या विवेचनातून पुढे आलेल्या दृष्टीनुसार प्रत्येक सिद्धांत विशिष्ट अंतरमानापुरता प्रमाण असतो. त्याहून सूक्ष्म पातळीवरील अज्ञाताचा प्रभाव मुख्यतः मोजक्या संख्यांतूनच वर येतो. अनंत उत्तर म्हणजे सिद्धांताने आपला अधिकार ओलांडल्याची खूण. पूर्वी जी लपवाछपवी वाटे, ती आता मर्यादेची कबुली ठरली.

परंतु कबुलीदेखील सोयीची होऊ शकते. 'हे आमच्या कक्षेबाहेरचे' असे म्हणणे विनयाचे असेल, तसेच पळवाटेचेही. या दोहोंतील भेद शब्दांवरून ओळखता येत नाही. मर्यादा कोठे मोडते याचा शोध चालू आहे की नाही, यावरूनच तो ओळखावा लागतो. आज तो शोध चालू आहे. निर्वात अवकाशाच्या ऊर्जेचा सरळ अंदाज आणि विश्वाच्या प्रसरणावरून निघणारे तिचे मूल्य यांत सुमारे 120 दशमान स्थानांची तफावत आहे. 2012 मध्ये सापडलेल्या हिग्ज कणाचे वस्तुमान इतके कमी का, हे समजावून देतील अशा अपेक्षित नव्या कणांचा पुरावा अद्याप मिळालेला नाही. सूक्ष्म आणि स्थूल पातळ्या परस्परांपासून इतक्या विलग मानता येतात, हे गृहीतकच त्यामुळे तपासणीखाली आले आहे.

संहितेच्या अर्थनिर्णयनातही प्रत्येक वाचनपद्धती काही बाजूला ठेवूनच सुसंगती साधते. तीत अप्रामाणिकता नाही. जे बाजूला ठेवले त्याचा हिशेब पुसून टाकण्यात ती आहे. डिरॅक यांचा उपाय कालबाह्य ठरला असेल. त्यांनी मागितलेला हिशेब मात्र अजून पुरता चुकता झालेला नाही.