कडीवरचा हात

संध्याकाळची स्लो लोकल ठाण्याला थांबते. तुम्ही बसलेले आहात. दारातून माणसांचा लोंढा आत येतो.

मोबाइल खिशात ठेवा.

एक श्वास घ्या. सावकाश सोडा.

तुमच्या समोर, डोक्याच्या जरा वर, एक कडी आहे. ती कोणीतरी पकडली आहे. चेहरा पाहू नका. चेहऱ्याची घाई नाही.

फक्त हात पाहा.

बोटं आवळलेली आहेत का? की नुसती अडकवलेली? मनगट ताठ आहे, की गाडीच्या हेलकाव्याबरोबर तेही वळतंय?

पाहत राहा.

खाडीवरचा पूल येतो. चाकांचा आवाज बदलतो. वारा ओलसर होतो. कडीवरचा अंगठा बोटावर घासतोय, थांबतोय, पुन्हा घासतोय.

तुमच्या मनात एक शब्द आलाच असेल. चिंता. राग. थकवा.

त्या शब्दाला जरा बाजूला बसवा. परत हाताकडे या.

कळवा स्टेशन.

चेहरा का नको? २०१२ साली मानसशास्त्रज्ञ हिलेल अविएझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टेनिसपटूंचे फोटो लोकांना दाखवले. महत्त्वाचा गुण नुकताच जिंकलेले आणि नुकताच गमावलेले खेळाडू. नुसता चेहरा पाहून लोकांना जिंकणारा कोण, ते सांगता येईना. चेहरा झाकून अंग दाखवलं, तेव्हा कळलं.

आणि लोकलमध्ये तर चेहरा आपण सगळेच मिटून घेतो. इतक्या जवळ, इतक्या अनोळखी माणसांत, दुसरं करणार काय?

हात मात्र उघडा राहतो.

श्वास घ्या. आता नजर हळूच खांद्यावर येऊ द्या. खांदा कानाकडे ओढलाय का? मान कुठे झुकली आहे?

टक लावू नका. खिडकीकडे पाहा, मग पुन्हा इकडे. पाहणं हलकं असू द्या. कोणाच्या अंगावर नजरेचं ओझं पडू नये.

मुंब्रा. एका बाजूला डोंगर. काळोख उतरतोय.

नाट्यशास्त्रात भरतमुनी अंगावर उमटणारे आठ सात्त्विक भाव सांगतात. मनातल्या मनात एकेक म्हणा. स्तंभ. स्वेद. रोमांच. स्वरभंग. वेपथु. वैवर्ण्य. अश्रू. प्रलय.

थिजणं, घाम, अंगावर काटा, आवाज चिरकणं, थरथर, रंग उतरणं, डोळे भरणं, शुद्ध हरपणं. मन तिथे असल्याशिवाय हे अंगावर उमटत नाहीत. ठाण्यात मासुंदा तलावाकाठच्या गडकरी रंगायतनात नट त्यासाठी जीव ओततो. इथे डब्यात ते आपोआप येतात, आणि कोणी पाहत नाही.

थांबा. आणखी एकदा पाहा.

त्या मनगटावर घाम आहे. पण घाम आज सगळ्यांनाच आहे.

सॅक छातीशी धरलेली आहे. आपल्याच अंगाला मिठी मारल्यासारखे हात. पण गर्दीत सॅक पुढेच घेतात, मागच्याला उभं राहता यावं म्हणून. त्यात भीती नसेल. शेजाऱ्याची काळजी असेल.

डोळे मिटलेले आहेत. दुःख असेल. पहाटे चारला उठलेलं माणूसही असेल.

दोन्ही असू द्या. निवड करू नका.

दिवा स्टेशन. गर्दी हलते. हात सुटतो, पुन्हा कडी शोधतो.

आता स्वतःकडे या.

तुमचा हात कुठे आहे? मूठ वळली आहे का? दात एकमेकांवर दाबले गेलेत का? समोरचा अंगठा घासत होता, तेव्हा तुमचा श्वास आखडला होता का?

दुसऱ्याला पाहता पाहता आपलं अंग त्याच्यासारखं होऊ लागतं. पुष्कळदा आपल्याला कळतं ते असं, आपल्याच पोटात. आणि पुष्कळदा आपलीच दिवसभराची चिडचिड आपण समोरच्याच्या बोटांत वाचतो. दोन्ही खरं आहे. मला या दुसऱ्या गोष्टीचंच जास्त भय वाटतं.

मूठ सोडा. जबडा सैल करा. श्वास पोटापर्यंत जाऊ द्या.

पुन्हा पाहा. तोच हात. आता तो कसा दिसतो?

कोपर स्टेशन जातं. डोंबिवलीला उतरणारे दाराकडे सरकू लागतात.

आता वर पाहा. चेहऱ्याकडे. एवढ्या वेळानंतर, एकदाच.

तुम्ही काय ओळखलंत ते सांगू नका. जागा द्या, आणि विचारा, "बसता का थोडं?" मग उत्तर पूर्ण ऐका.