अर्जुन आधी बोलला



आजचं वाचन : भगवद्गीता, अध्याय १, श्लोक २८ पासून अध्याय २, श्लोक १० पर्यंत.

नित्य पाठ करणारेसुद्धा पहिला अध्याय जरा भरभर उरकतात. "खरी गीता दुसऱ्यापासून" असं आपणच म्हणत असतो. आज थोडं थांबू. कारण इथे बोलणारा फौजी आहे, आणि तोही त्या काळातला नावाजलेला धनुर्धर. अंग गळून गेलंय, तोंड कोरडं पडलंय, कापरं भरलंय, गांडीव हातातून निसटतंय, नीट उभंही राहवत नाही. शेवटी तो म्हणतो की मी शस्त्र खाली ठेवतो, समोरच्यांनी मला मारलं तर त्यातच माझं भलं आहे. (प्रतीप्रमाणे ४५ किंवा ४६वा श्लोक.) हे आपण वैराग्य समजून पुढे जातो. एकदा सरळ वाचून बघा. जगण्यावरून मन उडालेला माणूस असाच बोलतो.

आणि भगवंत काय करतात? पहिल्या अध्यायात त्यांच्या तोंडी जेमतेम अर्धा श्लोक आहे, जमलेल्या कौरवांना बघ म्हणून. त्यानंतर अठरा-एकोणीस श्लोक अर्जुन एकटा बोलतो आणि ते मध्ये एकदाही तोडत नाहीत.

दुसऱ्या अध्यायाच्या सुरुवातीला मात्र दोन श्लोक चांगले खडसावतात. हे तुला शोभत नाही, ऊठ. गंमत अशी की साक्षात भगवंतांचं हे खडसावणं लागू पडत नाही! अर्जुन उठत नाही. पुन्हा पाच श्लोक मनातलं ओततो, हा शोक घालवेल असं काहीच दिसत नाही म्हणतो, लढणार नाही म्हणतो आणि गप्प होतो. मग कुठे, दहाव्या श्लोकात, भगवंत हसल्यासारखे होऊन बोलायला घेतात. ज्ञानेश्वर माउली इथे फार सुंदर थांबतात. देव आधी विचार करतो की याला कसं समजवावं, अवघड दुखणं बघून वैद्याने औषध योजावं तसा. आणि मग रागावला तरी तो राग आईचा, आत माया दडलेली.

सातारा, सांगली, कोल्हापूरकडच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या घरचं कुणी ना कुणी फौजेत आहे. बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीच्या सेंटरमध्ये पोरगा रंगरूट म्हणून जातो. पहाटेची पीटी, उस्तादांचा ओरडा, चुकलं की रगडा, मग कसम परेड, तिथे धर्मगुरू पवित्र ग्रंथ घेऊन उभे. पलटणीत गेल्यावर रविवारची मंदिर परेड, साहेबांपासून जवानापर्यंत सगळ्यांनी एकत्र जेवायचा बडाखाना, आणि जोडीला एक 'बडी'. उस्तादांचा ओरडा मला चुकीचा वाटत नाही, त्याने माणूस घडतो. पण ते दुसऱ्या अध्यायातले दोनच श्लोक आहेत. मन खचलेल्या माणसापाशी पलटण काय, घर काय, आपण बहुतेक वेळा त्या दोन श्लोकांवरच थांबतो. "फौजी ना तू? असं काय बोलतोस?" झालं, पुढचे पाच श्लोक तो कुणाला ऐकवणार?

२०२२ च्या जुलैमध्ये सरकारने संसदेत आकडा दिला होता. आधीच्या पाच वर्षांत तिन्ही दलांत मिळून ८१९ जण आत्महत्येने गेले, त्यातले ६४२ लष्करातले. कारणांमध्ये घरच्या अडचणी पुन्हा पुन्हा सांगितल्या जातात. बांधाचा वाद, कर्ज, नवरा-बायकोतला दुरावा. तिकडे हजारो किलोमीटरवर तो फोन कानाला लावून ऐकतो, करू काहीच शकत नाही, आणि सकाळी पुन्हा ड्युटीवर. म्हणून मला वाटतं, फोनवर आपलं सांगून झालं की "तुझं काय चाललंय?" विचारून आपण तोंड बंद ठेवावं. तो "ठीक आहे" म्हणेल. तरी लगेच फोन ठेवू नये.

आवाज बदललाय, झोप नाही, "मी नसलो तरी चालेल" असं काही बोलला, तर स्पष्ट विचारा, जीव द्यावासा वाटतोय का? विचारल्याने तसा विचार डोक्यात शिरत नाही, उलट ज्याच्या मनात आहे त्याला बोलायला वाट मिळते. मग त्याला एकटं सोडू नका. त्याच्या बडीला, सुभेदार साहेबांना, पलटणीच्या धर्मगुरूंना कळवा. "त्याच्या रेकॉर्डवर येईल" ही भीती मी समजू शकतो, पण ती जिवापेक्षा मोठी नाही. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. २०२३ च्या डिसेंबरात पुण्याच्या एएफएमसीमध्ये सेनादलांतल्या लोकांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी त्याचा वेगळा कक्षही सुरू झाला. आणि हे वाचणारा स्वतःच त्या अवस्थेत असेल तर दादा, ताई, नंबर तुमच्यासाठीही तोच. आत्ताच लावा.

अर्जुनाच्या या अवस्थेला गीतेने अध्यायाचं नाव दिलंय, आणि त्या नावातही 'योग' हा शब्द आहेच. लाजेने ती लपवली असती तर सारथ्याला कळलं कसं असतं?

उद्या श्लोक ११ पासून.