कानात दिलेली अजान

मूल जन्मले की आपल्याकडे त्याच्या उजव्या कानात अजान आणि डाव्या कानात इकामत देतात. घरातील एखादे वडीलधारे पुढे होतात, नाहीतर मशिदीतून इमामसाहेबांना बोलावले जाते. या जगात आल्यावर बाळाच्या कानी पडणारा पहिला शब्द अल्लाहचे नाव असावा, हा त्यामागचा हेतू. हेतू इतका सुंदर आहे की पुढचा साधा प्रश्न सहसा कुणाच्या मनात येत नाही. त्या बाळाला ती अजान ऐकू आली का?

हा प्रश्न खोडसाळ नाही. दर हजार नवजात बालकांमागे एक ते तीन बालकांना जन्मतःच कमी ऐकू येते. झोपलेल्या बाळाच्या कानात छोटीशी नळी ठेवून काही मिनिटांत हे तपासता येते. पहिल्या महिन्यात तपासणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत श्रवणयंत्र व भाषेची तयारी सुरू, असा क्रम या विषयातील जाणकारांनी घालून दिला आहे. आपल्या मोहल्ल्यांत मात्र मूल दोन-अडीच वर्षांचे होऊनही बोलत नाही, तेव्हा कुठे शंका येते. तेव्हाही आजी म्हणते, "इसका बाप बी देर सेच बोल्या था. सबर करो."

सबर हा आपल्या संस्कारातला फार मोठा शब्द. त्याचा मान ठेवूनच विचारावेसे वाटते की मान न धरणाऱ्या, न रांगणाऱ्या, हाक मारली तरी वळून न पाहणाऱ्या मुलाच्या बाबतीत सबर म्हणजे नेमके काय करायचे? वाट पाहायची? अल्लाहची मर्जी म्हणून स्वस्थ बसायचे? आणि धावपळ केली तर ती त्या मर्जीविरुद्धची तक्रार ठरते काय?

याचे उत्तर शोधायला फार लांब जावे लागत नाही. हजला जाणारा प्रत्येक माणूस ते आपल्या पायांनी चालून येतो. निर्जन वाळवंटात तान्ह्या इस्माईलला तहान लागली, तेव्हा बीबी हाजरा यांच्या ईमानात काही कमी नव्हती. अल्लाह आपल्याला वाऱ्यावर सोडणार नाही याची त्यांना खात्री होती. तरीही त्या मुलाजवळ बसून राहिल्या नाहीत. सफा आणि मरवा या दोन टेकड्यांमध्ये त्या सात वेळा धावल्या. त्या धावण्यालाच सई म्हणतात, आणि सई म्हणजे प्रयत्न. एका आईची मुलासाठीची धावाधाव इबादतीचा भाग झाली. तिला कुणी बेसबरी म्हटले नाही.

या घटनेतली आणखी एक गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. जमजमचे पाणी लागले ते हाजरा धावत होत्या त्या वाटेवर नव्हे, मुलापाशी लागले. प्रयत्न एकीकडे, फळ दुसरीकडे. विकासात मागे पडणाऱ्या मुलांच्या आईवडिलांना हे रोजच अनुभवावे लागते. सहा महिने बोलण्याचा सराव घ्यावा, शब्द एकही येऊ नये. आणि मूल एके दिवशी बोटाने पाण्याचा पेला दाखवू लागावे. ज्याला यातले कळते, तो त्या बोटाची किंमत जाणतो.

धावायचे ते लवकर का, याचे कारण शरीरातच आहे. मेंदूतील जोडण्या पहिल्या दोन-तीन वर्षांत ज्या वेगाने होतात, तो वेग पुन्हा येत नाही. जो आवाज कानापर्यंत पोहोचलाच नाही, त्याच्यासाठी मेंदू जागा राखून ठेवत नाही. मेंदूच्या पक्षाघाताने ज्याचे स्नायू ताठर झाले आहेत, त्या मुलाला योग्य रीतीने बसवले, उचलले, हलवले नाही तर सांधे आखडत जातात आणि पुढे शस्त्रक्रियेची पाळी येते. म्हणजे येथे वाट पाहणे हीसुद्धा एक कृती आहे, आणि तिचा खर्च मूल भरते.

आपल्याकडे अशा मुलाला 'जन्नती' म्हणण्याची रीत आहे. ज्याला समज नाही त्याचा हिशेब नाही, हे धर्माने सांगितलेलेच आहे. पण ही त्या मुलाला दिलेली सूट आपण गुपचूप स्वतःच्या खात्यावर जमा करतो. त्याचा हिशेब होणार नाही म्हणून त्याच्याबाबतचा आपलाही हिशेब होणार नाही, असे धरून चालतो. इस्लामी विचारात हक्कुल्लाह आणि हुकूकुल इबाद हा भेद मूलभूत आहे. अल्लाह आपल्या हक्कातली कसूर माफ करू शकतो, माणसाच्या हक्कातली कसूर ज्याची त्याने माफ करायची असते. आता ज्याला बोलता येत नाही, आपला काय हक्क बुडाला हेच ज्याला माहीत नाही, तो माफ तरी कसा करणार? म्हणून त्याचे देणे इतरांच्या देण्यापेक्षा जड आहे.

दर्ग्याला, तावीजला माझा आक्षेप नाही. आईच्या मनाला धीर देणारे काहीही मी हिरावून घेणार नाही. आक्षेप आहे तो 'आधी हे, मग ते' या क्रमाला, कारण त्यात जी दोन वर्षे जातात ती कुठल्याच मन्नतीने परत मिळत नाहीत. सख्ख्या चुलत-मामेभावंडांच्या लग्नांविषयीही आपण मोकळेपणाने बोलत नाही. ब्रिटनमधील ब्रॅडफर्ड शहरातल्या, २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा जोडप्यांच्या बालकांत जन्मजात व्यंगाचे प्रमाण सुमारे ३ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर गेलेले दिसले. म्हणजे बहुसंख्य मुले निरोगीच; पण धोका दुप्पट. धर्माने मुभा दिली आहे, सक्ती केलेली नाही. (मामाच्या मुलीशी लग्न लावणारे आपले हिंदू शेजारीही यात आहेत, तेव्हा ही एकट्या मुसलमानांची गोष्ट नव्हे.)

आता दुसरी बाजू. लवकर उपचाराचा आग्रह धरणारेही कधी कधी म्हणतात की मूल 'इतरांसारखे' होईल, कमावते होईल, म्हणून खर्च करा. हा युक्तिवाद मला धोक्याचा वाटतो. जे मूल वर्षानुवर्षांच्या श्रमानंतरही चालणार नाही, त्याच्यासाठीची धावाधाव मग वाया गेली म्हणायची काय? येथे हजरत अब्दुल्लाह इब्ने उम्मे मकतूम आठवतात. ते अंध होते. मदिनेत फजरची अजान ते देत. पहाट त्यांना दिसत नसे. उजाडले, असे लोक सांगत, मग ते अजान देत. त्यांना दृष्टी आली नाही. त्यांनी इतरांसारखे व्हावे, अशी अटही कुणी घातली नाही. पहाट सांगण्याचे काम तेवढे भोवतालच्या लोकांनी उचलले.

हे काम आज कोण उचलते? सहसा एकटी आई. उपचार म्हणजे तिची दुसरी पाळी. वर सासरचे बोलणे ऐकून घ्यायचे. कायद्याकडे पाहावे तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारांची नोंद आहे, पण मोफत शिक्षणाची हमी सुरू होते सहाव्या वर्षी. सर्वांत मोलाची वर्षे तोवर संपलेली असतात. मधली जागा अंगणवाडीने भरायची. मूल शाळेपर्यंत येत नसेल तर शाळेने त्याच्या अंगणात जावे, हे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी पालघरच्या बोर्डी-कोसबाड भागात करून दाखवले होते. त्याच पालघरातून २०१३ साली राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. त्यात अंगणवाडीतल्या मुलांची तपासणी होते आणि पुढच्या उपचारांसाठी जिल्हा केंद्रांची योजना आहे. कागदावर ही व्यवस्था चांगली आहे. पण तपासणीच्या दिवशी असे मूल पाहुण्यांसमोर नको म्हणून आतल्या खोलीत असते, तेथे कोणतेही पथक पोहोचत नाही. शिवाय "घरात दखनी बोलणे बंद करा, एकच भाषा ठेवा" असा सल्ला मिळाला की आई घाबरून मुलाशी बोलायचेच थांबवते. दोन भाषांमुळे मूल मागे पडत नाही. ज्या बोलीत आई लाड करते, त्याच बोलीत ते आधी शिकते.

जनाज्याची नमाज फर्जे किफाया आहे. काहींनी अदा केली तर साऱ्यांची जबाबदारी उतरते, कुणीच केली नाही तर सारे गुन्हेगार. मेलेल्या माणसासाठी मोहल्ला इतका जागरूक असतो, की खांदा देणाऱ्यांची रांग लागते. बहुतेक जमातींकडे एक शादीखाना असतो. सकाळी तो रिकामाच असतो. फरशी सपाट, पंखे आहेत, पाणी आहे, सतरंज्याही आहेत. आठवड्यातून दोन सकाळी व्यायामोपचार आणि वाचोपचार करणारी माणसे तेथे बसवायला किती खर्च येतो, हे विश्वस्तांनी एकदा कागदावर मांडून पाहावे. शेजारीच इतर मुलांचा मकतब भरत असेल तर फारच चांगले. मधले दार उघडे ठेवता येईल.