नोंदीची सचोटी

होनोलुलू येथील बिशप म्युझियम १८८९ साली स्थापन झाले. प्रशांत महासागरातील बेटांवरील मृदुकाय प्राण्यांचे, म्हणजे शंख, शिंपले, गोगलगायी या वर्गातील प्राण्यांचे, सुमारे साठ लाख नमुने तेथे जतन केलेले आहेत. प्रत्येक नमुन्यासोबत कागदाची एक चिठ्ठी असते. प्राण्याचे नाव, तो सापडल्याचे ठिकाण, गोळा करणाऱ्याचे नाव आणि तारीख, इतकाच तिच्यावरील मजकूर. पुष्कळदा तेवढाही नसतो. अशा चिठ्ठ्यांतील मजकूर संगणकात उतरवून घेण्याचे काम अलीकडे जगभरच्या संग्रहालयांनी हाती घेतले आहे. वरवर पाहता हे काम निव्वळ कारकुनी वाटते. आमच्या मते मात्र त्यात नीतीचा एक अस्सल प्रश्न दडला आहे. मागच्या माणसाने लिहून ठेवलेली साक्ष उतरवून घेताना तिच्यात आपण किती हात घालावा?

हा प्रश्न क्षुल्लक नाही, हे ध्यानी येण्यासाठी त्या गोगलगायींची हकिकत सांगितली पाहिजे. हवाई बेटांवर जमिनीवर राहणाऱ्या गोगलगायींच्या साडेसातशेहून अधिक जाती होत्या आणि त्यांतील बहुतेक सर्व जगात अन्यत्र कोठेही आढळत नव्हत्या. आज त्यांतील बहुसंख्य नामशेष झाल्या आहेत. जंगले तुटली, जहाजांबरोबर उंदीर आले, सुंदर कवचांचा छंद लागलेल्यांनी झाडेच्या झाडे रिकामी केली. (संग्रहालयांतील कित्येक नमुने याच छंदाची देणगी होत, हे विसरता येत नाही.) पुढे पिकांना उपद्रव देणाऱ्या आफ्रिकी गोगलगायीचा बंदोबस्त व्हावा म्हणून १९५५ साली एक मांसाहारी गोगलगाय मुद्दाम आणून सोडण्यात आली. ही आफ्रिकी गोगलगाय म्हणजे २०२२ साली लातूरकडच्या सोयाबीनचा फडशा पाडणारीच. परंतु शिकारी गोगलगायीने पाहुणीला सोडून घरच्यांनाच गिळले. ओआहू बेटावरील ‘आकाटिनेला’ हा संपूर्ण वंश १९८१ साली अमेरिकन सरकारने संकटग्रस्त ठरविला. त्यातील एका जातीचे वर्णन १७८९ साली युरोपीयांनी प्रथम छापले, तेही हवाईवासीयांनी गुंफलेल्या माळेतील कवचावरून. त्याच जातीचा ‘जॉर्ज’ नावाने ओळखला जाणारा अखेरचा ज्ञात जीव १ जानेवारी २०१९ रोजी बंदिस्त अवस्थेत मरण पावला. एखादी जात अशी संपली, की ती कोठे नांदत होती हे सांगणारी साक्षीदार म्हणून पुष्कळदा ती चिठ्ठीच काय ती उरते.

आणि ‘कोठे’ या शब्दालाच येथे सर्वाधिक मोल आहे. मिशनऱ्याच्या पोटी हवाईत जन्मलेले जॉन गुलिक यांना तरुणपणीच दिसून आले होते, की शेजारशेजारच्या दोन खोऱ्यांतील गोगलगायीही एकमेकींहून निराळ्या असतात. आणि परिस्थिती तर दोन्हीकडे जवळजवळ सारखीच! केवळ विलग राहण्याने जीवांत भेद पडत जातो, हा विचार त्यांनी १८७२ साली ‘नेचर’मध्ये मांडला. त्यांच्या विचाराचा सारा आधार म्हणजे चिठ्ठीवरील खोऱ्याचे नाव. ते बदलले, की पुरावाच बदलला.

आता चिठ्ठीवर नुसते ‘वाइमेआ’ लिहिले आहे असे समजू. वाइमेआ नावाची ठिकाणे काउआई, ओआहू आणि हवाई या तिन्ही बेटांवर आहेत. संगणक तर बेटाचा रकाना भरून मागतो. नमुना आकाटिनेलाचा असेल तर तो ओआहूचाच, कारण हा वंश अन्यत्र नाही. हा तर्क रास्त आहे. परंतु वंश अनेक बेटांवर पसरलेला असेल तर? दिवसाकाठी शेकडो चिठ्ठ्या उतरविणाऱ्या माणसाला कोरा रकाना खुपतो. संभाव्य वाटेल ते बेट तो लिहून टाकतो. यात त्याची बुद्धी वाईट नसते. तरीही आमच्या मते त्याने खोटी साक्ष दिलेली असते, आणि तीही मृत माणसाच्या नावे. हस्ताक्षरात तरी संशयाच्या खुणा राहतात. संगणकाच्या पडद्यावर अनुमान आणि प्रत्यक्ष एकाच ठशात उमटतात. उद्या एखादी संकटग्रस्त जात शोधायला निघालेले लोक त्या नोंदीच्या भरवशावर भलत्याच बेटाचे डोंगर तुडवतील.

जीवशास्त्रीय नोंदींच्या प्रचलित पद्धतीने यावर काढलेला उपाय आम्हांस नैतिक दृष्ट्याही निर्दोष वाटतो. चिठ्ठीवरील स्थळाचे मूळ शब्द, चुकांसकट, एका स्वतंत्र रकान्यात जसेच्या तसे ठेवायचे; अर्थ लावणे निराळ्या रकान्यात. नकाशावर बिंदू दाखवायचा तर तो किती अंतराने चुकीचा असू शकेल तेही सोबत सांगायचे. आपल्याकडे सातबाऱ्यावर जुन्या नावाला कंस करून फेरफार क्रमांक लिहितात, त्याच जातीचा हा विवेक आहे.

याहून अवघड प्रश्न जिवंत जातींचा. उरलेल्या मूठभर गोगलगायी कोणत्या झाडावर आहेत हे जगजाहीर केले, तर हौशी संग्राहक तेथे पोहोचण्याचे भय असते. तेव्हा ठिकाण लपवावे की नाही? आम्ही म्हणू, अवश्य लपवावे; ज्ञानाच्या मुक्ततेपायी जीव गमावणे हा सौदा वाईट आहे. मात्र मौन आणि असत्य यांत भेद आहे. बिंदू मुद्दाम दुसऱ्या डोंगरावर नेऊन ठेवणे हे असत्य; फक्त बेटाचे नाव देऊन ‘नेमके ठिकाण राखून ठेवले आहे’ असे उघड लिहिणे हे मौन. अशा कबुलीसाठीही नोंदीत स्वतंत्र रकाना ठेवलेला असतो.

गोळा करणाऱ्याच्या नावाचा रकाना तेवढा आम्हांस अस्वस्थ करतो. एकोणिसाव्या शतकातील संग्राहकांनी पुष्कळदा स्थानिक लोकांकरवी ही कवचे मिळविली. चिठ्ठीवर नाव आले ते संग्राहकाचे. १७८९च्या त्या माळेतील कवच कोणाच्या हातांनी झाडावरून काढले, कोण जाणे. ती नावे आता मिळणार नाहीत आणि कल्पनेने ती भरणे तर वर्ज्यच. परंतु संग्राहकाच्या रोजनिशीत वा पत्रांत स्थानिकांच्या मदतीचा उल्लेख असेल, तर शेऱ्याच्या रकान्यात ‘स्थानिक व्यक्तींनी गोळा केले, नावे नोंदलेली नाहीत’ एवढे लिहिण्यास जागा आहे.