गुंता कुणाचा?

आपल्या जुन्या वाड्यांत धान्याच्या कोठीपाशी गावठी मांजरे वावरत. त्यांना कुणी विंचरले नाही. तशी गरजही नव्हती. बुऱ्हाणपुरातील आमच्या घरी मात्र लेकीने परगावी जाताना लांब केसांची इराणी मांजरी ठेवली. फणी दिसताच ती कपाटाखाली शिरे. ‘तिची इच्छा नाही, तर सक्ती कशाला?’ असे म्हणून आम्ही फणी ठेवून देत असू, आणि त्यात आम्हांस आपले सौजन्य दिसे.

ऐन वैशाखात तिच्या काखेत, कानांमागे, पोटाखाली केसांच्या जटा झाल्या. पाऊल टाकताच कातडी ओढली जाते, हे पशुवैद्यांनी दाखविले तेव्हा आमचे सौजन्य गळून पडले. तो निव्वळ आळस होता.

मांजर स्वतःस चाटून स्वच्छ राखते. मग हिलाच हे दुःख का? मांजराच्या जिभेवर बारीक पोकळ काटे असतात. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी संशोधनानुसार, इतर मांजरांच्या केसांतून ते कातडीपर्यंत पोचतात, इराणी मांजराच्या दाट, लांब केसांतून पोचत नाहीत. हे केस माणसाने हौसेखातर, पिढ्यान्‌पिढ्या निवडून जोपासले. निसर्गाने दिलेली फणी आपण निकामी केली. तेव्हा आपल्या हातची फणी हा उपकार नव्हे, ऋणफेड होय.

मग तिला दाबून धरून विंचरावे काय? तेही नव्हे. रोज थोडा वेळ, केस मुळाशी बोटांत धरून टोकाकडून गुंता सोडवावा, म्हणजे कातडी ताणत नाही. गुंता भिजवू नये, तो अधिक आवळतो. कात्रीही लावू नये, कारण पातळ कातडी गाठीसह वर उचलली जाते. आमच्याकडे ती वेळ टळली होती. पशुवैद्यांनी यंत्राने केस उतरविले. ती बोडकी, ओशाळवाणी दिसू लागली. ओशाळायला हवे होते ते आम्ही.

सरकारी चाकरीत पडून राहिलेल्या कागदाला आम्ही ‘विचाराधीन’ म्हणत असू. घरातही तेच केले. मुक्या आश्रिताचा नकार ऐकावा, हात हळू करावा. पण त्या नकारात आपली सुटका शोधू नये. हल्ली संध्याकाळी आम्ही फणी घेऊन जमिनीवर बसतो. ती कधी येते, कधी येत नाही. आम्ही बसून राहतो.