अंगठा

‘अंगठाबहाद्दर’ हा शब्द शिवीत मोडत नाही, पण शिवीपेक्षा जास्त बोचतो. घाटंजी तालुक्यातल्या आमच्या गावात माझ्या आईनं तो पुष्कळ ऐकला होता. २ ऑक्टोबर १९७८ला राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम सुरू झाला आणि पुढे कधीतरी आमच्या गावातही रात्रीचा वर्ग भरू लागला. दिवसभर वावरात राबून आलेली आई कंदिलाच्या उजेडात सही गिरवायला बसे. ती सही अजूनही तशीच आहे, तिरकी, आणि शेवटच्या अक्षराला काना जरा लांब.

मी पुसदच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून बाहेर पडलो ते १९९८ साल. जुन्या प्रोग्रॅमांत जागा वाचवण्यासाठी वर्षाचे दोनच आकडे लिहिलेले होते. २००० साल उजाडलं की ‘००’चा अर्थ संगणक काय लावेल, या धास्तीनं आमच्यासारख्या हजारो पोरांना नोकऱ्या दिल्या. मीही पुण्याला गेलो. कुणीतरी तीस वर्षांपूर्वी केलेली काटकसर निस्तरायला मी आलोय, एवढं तेव्हा कळत होतं. आपणही पुढच्यांसाठी असंच काही लिहून ठेवू, हे डोक्यात नव्हतं.

पुढे मी बोटांचे ठसे ओळखणाऱ्या हजेरी यंत्रांच्या कामात पडलो. काचेवर बोट ठेवलं की यंत्र रेषांचे फाटे आणि टोकं टिपतं, साठवलेल्या ठशाशी ताडून पाहतं आणि किती जुळलं याचा एक आकडा काढतं. ठसा कधीच शंभर टक्के जुळत नाही. म्हणून किती जुळलं म्हणजे जुळलं म्हणायचं, हे कुणीतरी ठरवावं लागतं. या मर्यादेला आम्ही ‘थ्रेशोल्ड’ म्हणतो. ती सैल ठेवली तर परका माणूस आत येतो, आणि आवळली तर घरचाच दाराबाहेर राहतो. दोन्ही चुका एकदम शून्यावर आणता येत नाहीत.

आमच्या बैठकांत पहिल्या चुकीवर तासन्‌तास बोलणं होई, कारण परका आत आला तर तक्रार गिऱ्हाईक कंपनी करणार. दुसऱ्या चुकीवर एक ठरलेलं उत्तर असे : पुन्हा बोट ठेवायला सांगा. नाकारला गेलेला माणूस बैठकीत कधी नसायचा. आम्ही आकडा ठरवायचो आणि जेवायला जायचो.

या विद्येचा जन्मच अविश्वासातून झालेला आहे. १८५८ साली बंगालमधल्या जंगीपूरला विल्यम हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्यानं राज्यधर कोनाई नावाच्या कंत्राटदाराच्या पंज्याचा ठसा करारावर घेतला. सही आपली नाहीच असं त्यानं उद्या म्हणू नये, हा हेतू. १८९७ मध्ये कलकत्त्यात ठशांचं कार्यालय निघालं. ठशांची वर्गवारी बसवण्यात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी डोकं झिजवलं, पण पद्धतीला नाव लागलं साहेबाचं, एडवर्ड हेन्रीचं.

२९ सप्टेंबर २०१०ला नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत देशातलं पहिलं आधार कार्ड दिलं गेलं, आणि हळूहळू रेशनच्या दुकानातही अंगठा मागणारं यंत्र आलं. एकदा दिवाळीनंतर गावी गेलो असताना मी आईसोबत रेशन आणायला गेलो. तिनं उजवा अंगठा ठेवला, मग डावा, मग पदरानं पुसून एकेक बोट. यंत्र नाही म्हणालं. मागे रांग होती. आई माझ्याकडे वळून म्हणाली, “माया अंगठा मायाच नाही म्हणते रे हे मशीन. मी सही करतो ना, तर अंगठा काऊन?”

तिला काय सांगणार? वेचणीचे दिवस होते. यवतमाळात कापूस बायाच वेचतात, किलोच्या भावानं. वाळलेल्या बोंडाची टोकं बोटांत रुततात. त्याआधी पावसाळाभर खुरपणी, आणि घरी राखेनं भांडी. साठ वर्षं हे केल्यावर बोटांवर रेषा उरतील कुठून? यंत्र बिघडलेलं नव्हतं, दुकानदारही उद्धट नव्हता. यंत्र सांगितलेलं काम चोख करत होतं. ते कुणी सांगितलं होतं, हे त्या रांगेत फक्त मला ठाऊक होतं. ते यंत्र आमच्या कंपनीचं नव्हतं, पण त्याच्या पोटातला आकडा माझ्यासारख्याच कुणीतरी ठरवलेला होता, आणि त्याच्याही बैठकीत कापूस वेचणारी बाई नव्हती.

हजेरीची खोटी सही आणि रेशनचा काळाबाजार मीही पाहिलेला आहे. ओळख पटवावी लागते, यंत्रानं चोरीला आळा बसतो, हे मी नाकारत नाही. ओटीपी, बुबुळं, चेहरा असे दुसरे मार्गही आता आलेत. पण म्हाताऱ्या डोळ्यांत मोतीबिंदू असतो आणि फोन नातवाच्या खिशात असतो. प्रश्न तोच राहतो : चुकीचा भार कुणी सोसायचा? आमच्या धंद्यात ज्याचं नुकसान मोजलं जातं त्याची चूक सुधारली जाते. चोर किती पकडले याचा हिशेब वरपर्यंत जातो. मालकिणीला किती वेळा परत पाठवलं, हा आकडा मात्र आम्ही पाठवायलाच सांगितलेलं नसतं.

अडीच दशकांत मी अनेक भाषांत प्रोग्रॅम लिहिले, त्यातल्या निम्म्यांना आता कुणी विचारत नाही. शिकलेली एकच गोष्ट टिकाऊ वाटते : थ्रेशोल्ड हा गणिताचा प्रश्न दिसतो, पण त्याचं उत्तर देताना आपण माणसांची बाजू निवडत असतो. मी ती वर्षानुवर्षं न बघता निवडली, आणि माझं गाव मला परकं नव्हतं की तिथली बोटं मला माहीत नसावीत. मी त्याच हातची भाकर खाऊन शिकलो.

आज पुसद-यवतमाळची पोरं पुण्या-बंगळुरूत अशीच यंत्रं घडवताहेत. त्यांना एवढंच सांगणं आहे. आकडा ठरवण्याआधी डिसेंबरात एकदा गावी जा, पऱ्हाटीत उभ्या असलेल्या बाईचे हात नीट बघा, आणि यंत्रानं कितींना परत पाठवलं हेही रोज मोजायला लावा. जमलं तर सहीसाठीही एक ओळ ठेवा. कुणीतरी ती कंदिलाच्या उजेडात शिकलेलं असतं.